शेवटच्या माणसाला आधी सांगा

वाचकाचं पत्र:

'आमची लहानशी ब्रुअरी आहे. आतेभाऊ आणि मी मिळून चालवतो. बीअर तो बनवतो, टॅपरूम, म्हणजे तिथेच ती पाजायची-विकायची जागा, मी बघतो. वर्षातून दोन-तीनदा आम्ही एखादी खास बीअर अगदी मोजकी काढतो. गेल्या वेळी लाकडी पिंपात मुरवलेला स्टाउट, म्हणजे काळी दाट बीअर, होती. ६०० बाटल्या, माणशी ४. दार सकाळी १० वाजता उघडणार होतं, पण पहिला गडी मध्यरात्रीच खुर्ची टाकून बसला. आठपर्यंत रांग कोपरा वळून मागच्या गल्लीत गेली. एक काउंटर होतं. बाराच्या सुमाराला माल संपला तेव्हा शंभरएक माणसं तशीच उभी होती, काही तर चार-चार तास. आरडाओरडा झाला. काउंटरवरच्या मुलीला नको ते ऐकून घ्यावं लागलं. दर आठवड्याला येणारे एक जुने गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेले, ते अजून फिरकले नाहीत. शेजाऱ्यांनी गाड्या आणि कचरा यावरून तक्रार केली. संध्याकाळी आमचीच बाटली कुणीतरी चौपट भावाने विकायला काढलेली दिसली. आतेभाऊ म्हणतो, "रांग म्हणजे फुकटची जाहिरात, रडतोस कशाला?" दोन महिन्यांनी पुढची बीअर येणार आहे. रांग कशी सांभाळायची? सोडत काढावी का, की ते फार कोरडं वाटेल?'
– एक टॅपरूमवाला

टॅपरूमवाले, नमस्कार.

तुमच्या पत्रात एक भागाकार करायचा राहून गेलाय, तो आधी करू. ६०० बाटल्या, माणशी ४, म्हणजे १५० माणसं. एकशे एक्कावन्नावा माणूस येऊन रांगेत उभा राहिला तेव्हाच त्याला बाटली मिळणार नाही हे ठरून गेलं होतं. तुमच्यापैकी कुणीही आठ वाजता रांगेच्या कडेने चालत जाऊन डोकी मोजली असती तर तुम्हाला ते कळलं असतं. त्याला मात्र ते बारा वाजता कळलं, आणि तेही काउंटरवरच्या मुलीकडून, जिचा यात काडीचा दोष नव्हता.

बाटली न मिळाल्याचं वाईट वाटतं, पण ते घरी जाईपर्यंत विरतं. चार तास फुकट गेल्याचा राग विरत नाही. तुमचे जुने गिऱ्हाईक ज्या कारणाने फिरकले नाहीत ते हेच असावं, असा माझा अंदाज आहे. त्यांना तुम्ही साडेआठला सांगितलं असतं की 'काका, आज जमणार नाही, घरी जा,' तर ते चुकचुकले असते आणि पुढच्या आठवड्यात नेहमीच्या वेळी येऊन बसले असते.

म्हणून बाकी काही करा वा करू नका, एवढं करा: ज्याला माल देता येणार नाही अशा एकाही माणसाला रांगेत उभं राहू देऊ नका. मोजणी करा, क्रमांकाचं टोकन द्या, आणि टोकन संपली की रांगेच्या शेपटाशी एक माणूस उभा करा जो नव्याने येणाऱ्याला तिथल्या तिथे 'संपलं' म्हणून सांगेल. हा माणूस मालकांपैकीच हवा. नोकरीला लागून महिना झालेल्या पोराला तिथे पाठवू नका; 'नाही' म्हणायचा मान मालकाचा. तुमच्या आतेभावाला रांग आवडते ना, मग त्यालाच पाठवा.

टोकन समोर उभ्या माणसालाच द्यायचं. खुर्चीला नाही, पिशवीला नाही, 'माझे तिघं मित्र गाडी लावून येतायत' याला तर मुळीच नाही. टोकनावर क्रमांक, बाटल्यांची संख्या आणि येण्याची वेळ लिहा: १ ते ४० साठी १० वाजता, ४१ ते ८० साठी सव्वादहा, असं. मग टोकन घेतलेला माणूस नाश्ता करून येईल, गाडीत झोपेल, काय हवं ते करेल; तुमच्या दारात उभा राहणार नाही.

यात एक मेख आहे, ती तुमच्या लक्षात आली असेलच. टोकन आठला मिळणार म्हटलं की लोक टोकनासाठी मध्यरात्री येऊन बसणार. रांग गेली नाही, नुसती दोन तास अलीकडे सरकली. यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. जाहीर करा की ८ ते ९ या तासात जो येईल त्याला चिठ्ठी मिळेल आणि ९ वाजता चिठ्ठ्या मिसळून क्रम ठरेल. साडेआठला आलेल्या माणसाचा नंबर पहिला लागू शकतो आणि मध्यरात्रीच्या गड्याचा दोनशेवा. पहिल्या वेळी कुरकुर होईल. दुसऱ्या वेळी खुर्च्या दिसणार नाहीत, कारण लवकर येण्यात फायदाच उरलेला नसेल. रात्री रस्त्यावर बसू नका अशी विनंती करणारे फलक लावून हे कधी साधत नाही.

आता वेगाबद्दल. दोन तासांत १५० माणसं सुटली म्हणजे माणशी ४८ सेकंद. हे सेकंद जातात कुठे? वयाचा दाखला बघण्यात, 'आणखी कुठली बीअर आहे?' या प्रश्नात, चार बाटल्या खोक्यात भरण्यात, कार्डाचं मशीन रेंज शोधत बसतं त्यात, आणि एखाद्याला त्याच वेळी टी-शर्टही हवा असतो त्यात. दाखला रांगेतच बघून मनगटाला पट्टी बांधा. बाटल्या आदल्या दिवशी भरून ठेवा, सगळ्यांचं खोकं सारखं, सगळ्यांची रक्कम सारखी. टी-शर्ट, ग्लास आणि नेहमीची बीअर यांचं काउंटर वेगळं, शक्यतो दुसऱ्या दाराशी. एवढं केलं की माणशी ३० सेकंद पुरतात. त्यात दोन काउंटर लावलीत तर तासाला २४० माणसं होतात आणि तुमचे १५० जण चाळीस मिनिटांच्या आत मोकळे. रांग मात्र एकच ठेवा आणि तिच्या तोंडाशी माणसं दोन काउंटरकडे वळवा. दोन रांगा केल्यात की शेजारची भराभर सरकताना बघत उभं राहावं लागतं, आणि वेळ तेवढाच लागला तरी माणूस जळफळतो.

डेव्हिड मेस्टर नावाच्या व्यवस्थापन-तज्ज्ञांनी १९८५ मध्ये रांगेतल्या माणसाच्या मनाबद्दल जे मांडलं ते आजही कुठल्याही दाराशी उभं राहून तपासता येतं: किती वेळ लागणार हे ठाऊक नसलं की थांबणं लांबतं, कारण सांगितलं नाही की लांबतं, आणि कुणीतरी मध्ये घुसतंय असं वाटलं की आणखी लांबतं. तुमच्या रांगेत तिन्ही होतं. दर पंधरा मिनिटांनी 'आता साठावा नंबर चालू आहे' असा पुकारा झाला तरी अर्धा ताण उतरतो.

आतेभावाच्या म्हणण्याकडे येऊ, कारण तो अगदीच चुकीचं बोलत नाहीये. रांगेने ब्रुअरीची नावं झाली आहेत. कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा इथल्या रशियन रिव्हर ब्रुइंगची 'प्लिनी द यंगर' ही ट्रिपल आयपीए (हॉप्स या कडवट, वासाच्या फुलांचा मारा असलेली जास्त कडक बीअर) २००५ पासून वर्षातून एकदा थोडे दिवस निघते आणि तिच्यासाठी लोक दूरदूरून येतात. इंडियानातल्या मन्स्टर गावच्या थ्री फ्लॉइड्सचा 'डार्क लॉर्ड' हा इम्पीरियल, म्हणजे जास्त कडक, स्टाउट तर वर्षातल्या एकाच ठरलेल्या दिवशी मिळू लागला आणि त्या दिवसाचाच 'डार्क लॉर्ड डे' झाला. पण या दोघांनी गर्दी वाढल्यावर काय केलं तेही आतेभावाला सांगा. थ्री फ्लॉइड्सने आधी विकलेली तिकिटं आणली. तिकिटावरच बाटल्यांचा हक्क. रशियन रिव्हरने मनगटपट्ट्या आणल्या, माणशी किती ग्लास आणि आत किती वेळ बसायचं याच्या मर्यादा घातल्या. ज्यांची रांग प्रसिद्ध आहे त्यांनीच ती बांधून काढली आहे.

आणि न बांधलेल्या रांगेचं काय होतं तेही सांगा. व्हर्माँटमधल्या वॉटरबरी गावात द अल्केमिस्ट नावाची ब्रुअरी 'हेडी टॉपर' विकायची. तिथे इतक्या गाड्या येऊ लागल्या की शेजारी वैतागले, आणि २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना तिथलं स्वतःचं विक्रीचं दुकान बंद करावं लागलं. ग्राहकांसाठी पुन्हा दार उघडलं ते २०१६ मध्ये, दुसऱ्या गावात, स्टोला. बीअर उत्तम, खप उत्तम, आणि दुकान बंद. तुमच्या शेजाऱ्यांच्या तक्रारीकडे मी म्हणूनच जास्त गांभीर्याने बघतो. पुढच्या वेळी आठवडाभर आधी स्वतः जाऊन त्यांना तारीख सांगा, तुमचा फोन नंबर द्या, गाड्यांसाठी एक माणूस नेमा, आणि रांग तुमच्याच भिंतीकडेने वळवा. संपल्यावर दोन्ही बाजूंचा रस्ता झाडून घ्या, कचरा तुमचा असो वा नसो.

सोडत कोरडी वाटेल का, हा तुमचा खरा प्रश्न. माझं मत सरळ आहे: स्टाउटसाठी सोडतच काढा.

'आधी येईल त्याला आधी' हे ऐकायला फार न्याय्य वाटतं. पण मध्यरात्री येऊन कोण बसू शकतं ते बघा. ज्याला दुसऱ्या दिवशी कामाची पाळी नाही, घरी लहान मूल नाही, पाय-पाठ धड आहे, आणि ज्याला ती रात्र चौपट भावाने वसूल करता येते तो. परिचारिका, बसचालक, तान्ह्या बाळाची आई यांना तुमची बीअर आवडत असेलही, तुमच्या रांगेत ती दिसणार नाहीत. त्यांना कोरडं वाटण्याची काळजी तुम्ही केली नाहीत, कारण ती तुम्हाला दिसलीच नाहीत.

बेल्जियममधल्या सिंट-सिक्स्टस मठाचे संन्यासी या बाबतीत तुमच्या-माझ्यापेक्षा खूप पुढे गेले आहेत. ते 'वेस्टव्लेटरेन' बीअर बनवतात. खप वाढवायचा नाही, मठ चालण्यापुरतं विकायचं, असं त्यांचं धोरण. २००५ मध्ये एका मानांकनात त्यांच्या बीअरला जगातली सर्वोत्तम म्हटलं गेलं आणि मठाकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली. त्यांनी फोनवर नोंदणी सुरू केली: गाडीचा क्रमांक सांगायचा, दिलेल्या वेळी यायचं, ठरावीकच क्रेट न्यायचे, आणि पुढचे बरेच दिवस पुन्हा मागायचे नाहीत. मग फोनच लागेना. शेवटी २०१९ मध्ये त्यांनी ऑनलाइन नोंदणी आणली, आणि त्यात ज्याने सगळ्यात जास्त दिवसांपूर्वी बीअर नेली त्याला आधी संधी, असं सूत्र ठेवलं. सोडतीहूनही हे मला आवडतं. मागच्या वेळी ज्यांना मिळालं नाही त्यांची नावं तुमच्याकडे असती तर पुढच्या वेळी ती सगळ्यात वर ठेवता आली असती.

तुम्हाला एवढी यंत्रणा नको. नाव, फोन, एक अर्ज. आठवडाभर नोंदणी उघडी ठेवा, एका माणसाचं एकच नाव, मग सोडत काढा आणि लागलेल्यांना कळवा. दोन गोष्टी आधी तुमच्या परवान्याशी ताडून बघा. पैसे आगाऊ घेणं ही तुमच्याकडे विक्री धरली जाते का, आणि नसलेल्या माणसाच्या वतीने दुसऱ्याला बाटली देता येते का. नाव टाकायला मात्र पैसे घेऊच नका. प्रवेशशुल्क लावलेली सोडत बऱ्याच ठिकाणी कायद्याने जुगारात मोडते. बाटलीची किंमत फक्त लागलेल्याने द्यायची.

आणि स्टाउटच का, तर तो थांबतो. पिंपात महिनोन्‌महिने मुरलेली, दहा टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेली बीअर बाटलीत तीन आठवडे तुमच्या थंड खोलीत राहिली तर तिचं काहीही बिघडत नाही. मग ती एका सकाळीच का विकायची? तीन आठवड्यांची मुदत द्या. लोक मंगळवारी, बुधवारी, ऑफिस सुटल्यावर येतील, आल्यावर एक ग्लास नेहमीची बीअरही घेतील. आतेभावाला जाहिरात हवी असेल तर ही घ्या: एका सकाळच्या गर्दीऐवजी तीन आठवडे भरलेलं टॅपरूम.

हॉप्सचा मारा असलेल्या गढूळ आयपीएचं गणित निराळं. तिचा वास आठवड्यागणिक उतरतो, उन्हात आणि उष्णतेत तर झपाट्याने. ती ताजीच गेली पाहिजे, म्हणून तिथे एका दिवसाची रांग पटते. पण ती तुम्ही पुन्हाही बनवू शकता, त्यामुळे 'आज नाही मिळाली, महिन्याने या' असं म्हणता येतं. पुढची बीअर कुठली ते तुम्ही लिहिलं नाहीत. आयपीए असेल तर चिठ्ठ्या मिसळायची पद्धत, स्टाउट असेल तर नोंदणी.

माणशी ४ हा आकडाही उतरवा. २ केलात की ३०० माणसांना मिळते आणि चौपट भावाने विकणाऱ्याच्या वाट्याचा माल निम्मा होतो. त्याला पूर्ण थांबवणं तुमच्या हातात नाही. त्याच्या मागे गुप्तहेर लावू नका, लोकांच्या नावांच्या याद्या चव्हाट्यावर मांडू नका. त्यात तुमची शोभा जाते आणि बाटल्या विकल्या जायच्या त्या जातातच. त्यापेक्षा या मालातला २० लिटरचा एक केग (बीअरचं धातूचं पिंप) बाटल्यांत न भरता बाजूला ठेवा. १५० मिलिलिटरच्या लहान ग्लासांत त्याचे फेस-सांडलवंड वजा जाता १२० तरी ग्लास होतात. तुमच्या दारातून रिकाम्या हाताने गेलेली शंभरएक माणसं होती ना? प्रत्येकाला चव मिळाली असती. ग्लासातली बीअर कुणी चौपट भावाने विकूही शकत नाही.

नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी काही ठेवायचं असेल तर ठेवा, मला त्यात गैर वाटत नाही. पण उघड ठेवा. '५० बाटल्या वर्षभर येणाऱ्यांसाठी, ३० कामगारांसाठी, उरलेल्या सोडतीत' असं आधीच लिहून टाका. काउंटरखालून एक बाटली हळूच सरकवलेली जरी कुणी पाहिली, तरी सोडत खरी होती यावर पुढे कुणाचा विश्वास बसणार नाही.

रांगेत लोक आपापल्या बाटल्या आणून एकमेकांना चाखवतात, हा या छंदातला सगळ्यात मजेचा भाग, हे मलाही मान्य. रांगेत जमलेल्या ओळखी वर्षानुवर्षं टिकतात. तरी सार्वजनिक रस्त्यावर पिणं बऱ्याच ठिकाणी बेकायदा असतं, आणि उपाशीपोटी सकाळी सातला बारा टक्क्यांचा स्टाउट पिऊन कुणी गाडीत बसला तर बोट तुमच्याकडे दाखवलं जाणार. रस्त्यावर नको म्हणा. वाटल्यास परवाना बघून आपल्या आवारात एक दुपार नुसती चाखण्यासाठी ठेवा. रांग असेल त्या दिवशी पाणी, स्वच्छतागृह आणि सावली या तीन गोष्टी लागतातच. स्वच्छतागृह १० वाजता उघडून चालत नाही, माणसं ८ ला येणार आहेत.

जाहिरातीत पहिली ओळ चवीची नको, संख्येची हवी. किती बाटल्या, माणशी किती, नोंदणी कधीपर्यंत, न्यायची मुदत कधीपर्यंत. चॉकलेट, व्हॅनिला आणि ओकचं वर्णन त्याखाली हवं तेवढं करा.

मुदत संपल्यावर काही बाटल्या न नेलेल्या राहतीलच. 'उरलेला माल' म्हणून पाटी लावू नका, तशी पाटी लागली की अर्ध्या तासात नवी रांग. यादीतल्या पुढच्या माणसाला फोन करा, दोन दिवस द्या, मग त्याच्या पुढच्याला. डझनभर बाटल्या मात्र कुणालाच विकू नका. शिकागोच्या गूस आयलंड ब्रुअरीच्या २०१५ च्या 'बर्बन काउंटी' या पिंपात मुरवलेल्या बीअरच्या काही बाटल्यांत जिवाणूंमुळे आंबटपणा आला आणि २०१६ मध्ये त्यांना पैसे परत करावे लागले. पिंपात मुरवलेल्या बीअरला हा धोका असतोच, आणि तो बाटली घरी गेल्यावर महिन्यांनी दिसतो. ठेवलेल्यातली एक बाटली दर दोन महिन्यांनी उघडून आतेभावाला प्यायला लावा. काही वावगं वाटलं तर कुणाला फोन करायचा ते नोंदणीच्या यादीत असेल.